शांतता क्षेत्रात रोज एक हाक मारू देण्याबाबत

प्रति,
मा. उद्यान अधीक्षक साहेब,
सार्वजनिक उद्याने व मुक्कामतळ विभाग,
मुख्य फाटकाशेजारील कार्यालय, पहिला मजला.

विषय : मुक्कामतळाच्या शांतता क्षेत्रात, दिवे लागण्यापूर्वी, दररोज एक वेळ हाक मारण्यास परवानगी मिळणेबाबत, ती देता येत नसल्यास या अर्जाच्या शेवटी केलेली विनंती मान्य होणेबाबत.

संदर्भ : १) अभ्यागतांसाठी आचारनियम, विशेषतः नियम ९, १४, १७, २२ व ३१.
२) माझे यापूर्वीचे अर्ज व त्यांवरील आपली उत्तरे.
३) माझ्या पतीच्या नावे निघालेली तळ सोडण्याची नोटीस.
४) मला उद्यापासून प्रवेशबंदी करणारा आपला आदेश.

महोदय,

"दिवे लागायच्या आत मला एक हाक मार हं. नाहीतर मी आपला चालतच राहीन."

हे वाक्य माझ्या पतीचे असून ते त्यांनी आपल्या मुक्कामतळावर, आमच्या तंबूच्या दारात, बुटाची नाडी बांधता बांधता उच्चारले. त्यावर मी "मारते" असे म्हटले. माझा सगळा अर्ज या एका शब्दाविषयी आहे, म्हणून तो सुरुवातीलाच नोंदवून ठेवते.

१. माझे पती कापडाच्या कारखान्यात माग चालवीत. उभा जन्म त्या खडखडाटात गेल्यामुळे त्यांचे कान अधू झाले आहेत. बारीक आवाज त्यांना मुळीच ऐकू येत नाही आणि माझा आवाज नेमका बारीक. ते थट्टेने म्हणत, "हिचं बोलणं म्हणजे कापूस पडल्यासारखं. पडला कधी, कळतच नाही." घरात त्यांना जेवायला बोलवायचे तर मी पळीने ताट वाजवीत असे. निवृत्त झाल्यावरही त्यांच्या कानातला माग थांबला नाही. रात्री उठून बसत आणि म्हणत, "बंद करा रे कुणीतरी ते." जिथे काहीच वाजत नाही अशा जागी एकदा झोपून बघायचे, एवढी एकच हौस त्यांनी माझ्याजवळ बोलून दाखवली होती. आपल्या माहितीपत्रकातले 'शांतता क्षेत्र' हे शब्द वाचून आम्ही गेल्या हिवाळ्यात तंबू घेतला.

२. मी देवाधर्माची बाई आहे. रोजचे काही नेम आहेत. सूर्य मावळताना प्रार्थना चुकवायची नाही, खोटे बोलायचे नाही, दिलेला शब्द पडू द्यायचा नाही. त्यामुळे नियम पाळण्याचे मला ओझे वाटत नाही. फाटकावर आम्हा दोघांना एकेक बिल्ला देण्यात आला. शेजारी आपला नियमफलक होता. बाकीचे लोक त्याला टेकून फोटो काढत होते. मी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. फांद्या तोडू नयेत, विस्तव पेटवू नये, पायवाट सोडू नये, प्राण्यांना खाऊ घालू नये, मोठ्याने बोलू नये. हे म्हणाले, "परीक्षा आहे का त्याची? चल आता." आपल्या विभागाचा नियमफलक संपूर्ण वाचणारी अभ्यागत आपल्याला क्वचितच भेटली असेल, असे नम्रपणे वाटते.

३. त्या संध्याकाळी ते पाणथळीच्या बाजूला फिरायला गेले. दिवे लागायची वेळ जवळ आली तशी मी तंबूबाहेर उभी राहिले आणि हाक मारली. पहिली हाक नेहमीच्या आवाजात गेली. ती शेजारच्या तंबूतही पोहोचली नसावी. दुसरीसाठी मी छाती भरून श्वास घेतला, जन्मात घेतला नव्हता एवढा, आणि "अहोऽ" म्हटले. तोच आपले पहारेकरी शिट्टी वाजवीत धावत आले. म्हणाले, "बाई, ओरडू नका. शांतता क्षेत्र आहे. नियम नऊ. हापिसातून परवानगी आणा आणि मग मारा काय मारायच्या त्या हाका."

नियम नऊ मी सकाळीच वाचला होता. त्यांचे म्हणणे बरोबर होते. मी परवानगी आणायला निघाले.

खिडकीवर रांग होती. कोणाला पांघरूण हवे होते, कोणाच्या तंबूची खुंटी मोडली होती. माझी पाळी आल्यावर लिपिक म्हणाले, "हाकेसाठी वेगळा फॉर्म नाही. साध्या कागदावर लिहा." मी लिहिले. अक्षर नीट यावे म्हणून सावकाश लिहिले. तो कागद आत गेला आणि बाहेर दिवे लागले.

यात मी कोणालाच दोष देत नाही. पहारेकऱ्यांनी त्यांचे काम केले आणि मीही नियम पाळला. एवढेच नमूद करते की त्यांची शिट्टी माझ्या हाकेहून कितीतरी मोठी होती. ती ऐकून जरी हे परत आले असते तरी चालले असते.

४. शोध झाला. आपल्या विभागाने माणसे लावली, कुत्री आणली, याबद्दल मी ऋणी आहे. बुटांच्या खुणा पायवाट सोडून, 'पुढे जाऊ नये' अशा पिवळ्या पाटीच्या पलीकडे, लव्हाळ्यापर्यंत गेलेल्या दिसल्या. पुढे पाणी आहे. कुत्री काठावर येऊन बसली आणि उठेनात. पोलिसांनी त्यांचे नाव बेपत्ता म्हणून लिहिले. तेव्हापासून माझा आणखी एक नेम आहे. रोज दिवे लागायच्या आत मी पाणथळीच्या काठाशी, पायवाटेवरच, उभी राहते व हाक मारते. ती मारल्याशिवाय तोंडात पाणी घेत नाही. ही हाक मी बोलण्याइतक्याच आवाजात मारते, कारण तेवढ्याला नियमाची आडकाठी नाही. बोलण्याइतका आवाज त्यांना ऐकू येत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून तर मी अर्ज करीत आले.

५. अर्जांची हकीकत थोडक्यात अशी. त्या संध्याकाळच्या कागदानंतरच्या पहिल्या अर्जात मी ताट वाजवू देण्याची विनंती केली, कारण ती खूण त्यांच्या ओळखीची आहे. नियम १७ चा हवाला देऊन उत्तर आले की रिकामे ताट वाजविल्यास ते वाद्य समजण्यात येईल. ताटात अन्न असल्यास ते भांडे समजण्यात येईल, तथापि भोजनाच्या नेमून दिलेल्या जागेबाहेर अन्न नेता येणार नाही. मी ताट घरी ठेवले.

नंतर मी भोंग्याविषयी लिहिले. उद्यान बंद होताना आपल्या कार्यालयातून भोंग्यावर वस्तू पुकारल्या जातात. "काळी छत्री सापडली आहे, ज्याची असेल त्याने घेऊन जावी," असे एका छत्रीसाठी तीन-तीनदा सांगतात. लहान मुलाचा एक मोजा पुकारलेला मी स्वतः ऐकला. त्यातच एक वाक्य माझ्या पतीसाठी घालावे, असे मी सुचवले. त्यावर आपले उत्तर असे : 'ध्वनिक्षेपक हा सापडलेल्या वस्तूंसाठी असून हरवलेल्या व्यक्तींसाठी नाही. आपली व्यक्ती सापडल्यास कळवावे, पुकारण्याची व्यवस्था करण्यात येईल.'

तिसरे उत्तर मी न मागता आले. माझ्याविरुद्ध तक्रार झाली होती. बोलण्याइतका आवाज ठेवायचा असे ठरवूनही तीनदा माझा आवाज चढला, हे मी नाकारीत नाही. शेवटच्या वेळी लव्हाळ्यात काहीतरी हलले. पाठ दिसली, त्या संध्याकाळी यांच्या अंगावर होता तसा करडा स्वेटर दिसला. माझ्या तोंडून "अहो!" असे निघाले, आणि ते तळभर ऐकू गेले. करडा स्वेटर आपल्या माळ्याचा होता. मात्र त्या हाकेसरशी तळावरचे बरेच नवरे आपापल्या खुर्च्यांवरून उठून उभे राहिले आणि एका गृहस्थांनी हातातला चहा टाकून धाव घेतली, त्यात त्यांचा पाय मुरगळला. त्यांच्या पत्नी मला म्हणाल्या, "मी घसा फोडून बोलावलं तरी हे हलत नाहीत. तुमच्या एका हाकेला धावले की हो!" त्या हसत होत्या, मीही हसले. पण तक्रार कागदावर आली ती हसण्याची नव्हती. 'अहो ही हाक कोणा एका व्यक्तीस उद्देशून नसल्याने सार्वजनिक गोंधळास कारणीभूत ठरते, सबब अर्जदाराने पतीस नावाने संबोधावे,' असे आपण कळवले. साहेब, संसार म्हातारा झाला, मी त्यांना एकदाही नावाने हाक मारलेली नाही. मारली तर ती माझी आहे हे त्यांना कळणार कसे? वसुलीवाला आला असे समजून ते आणखी आत जातील.

६. इथे पहारेकऱ्यांविषयी दोन शब्द. तळावर सगळे त्यांना 'शिट्टी' म्हणतात. त्या संध्याकाळपासून ते माझ्याशी नजर देऊन बोलत नाहीत. एकदा माझ्याजवळ येऊन पाण्याकडे बघत म्हणाले, "बाई, मी जरा पलीकडे तोंड करून उभा राहतो. तुम्ही मारून घ्या एक. मला काही ऐकू आलं नाही, असं सांगीन." मी म्हटले, "दादा, तुम्हाला माझ्यापायी खोटं बोलावं लागेल. नको." ते म्हणाले, "मी शिट्टी वाजवली नसती तर..." पुढचे मी त्यांना बोलू दिले नाही. हे कोणीतरी वर कळवले व त्यांना मेमो मिळाला असे ऐकते. त्यांनी नियम मोडलेला नाही. मोडायला निघाले होते, मी मोडू दिला नाही. मेमो मागे घेण्यात यावा.

७. आपल्या लिपिकांनीच मग मला नियम ३१ दाखवला. मृत व्यक्तीच्या स्मरणार्थ मुक्कामतळावर सायंकाळी प्रार्थना, भाषण, गायन करता येते. ध्वनिक्षेपकही मिळतो. फक्त मृत्यूचा दाखला हवा. तो मिळायला कायद्याने बरीच वर्षे जावी लागतात, पण तोवर पत्नीने 'माझे पती हयात नाहीत' असे शपथेवर लिहून दिले तरी चालते, असे ते म्हणाले. कोरा नमुना त्यांनी माझ्या हातात दिला. वाईट हेतूने दिला नाही. त्यांना बिचाऱ्यांना माझा प्रश्न सुटावा असेच वाटत होते.

तो नमुना घरी टेबलावर पडून होता. माझी नणंद आली, तिने वाचला. म्हणाली, "वहिनी, सही करा नि मोकळ्या व्हा. कागदावर गेला म्हणून दादा जातो का? उलट माईक मिळेल. लव्हाळ्याच्या पार पलीकडे जाईल आवाज."

मी म्हटले, "मग माईकवरून हाक कुणाला मारायची?"

तिने नमुना टेबलावर आपटला. मग ओरडली माझ्यावर. "तुम्ही ना वहिनी, नियम पाळता पाळता..." एवढेच म्हणाली आणि तोंड दाबून मोरीत गेली. ती नळ सोडून रडत होती. तिचे वाक्य मी मनात पुरे केले आहे. ते इथे लिहीत नाही.

साहेब, मेलेल्यासाठी भोंगा आहे. जिवंत माणसासाठी एक हाक नाही. हे वाक्य उद्धट वाटल्यास क्षमा असावी. मी ते पुष्कळ प्रकारे लिहून पाहिले, यापेक्षा मऊ होत नाही.

८. अशा स्थितीत आपल्या कार्यालयाची नोटीस आली. ती माझ्या पतीच्या नावे आहे. तीत म्हटले आहे की, मुक्कामाची मुदत संपूनही आपण तळ सोडलेला नाही व बिल्ला परत केलेला नाही, सबब नियम २२ अन्वये तळ तात्काळ सोडावा. मी नोटीस घेऊन खिडकीवर आले व विचारले की ही चुकून आली का. लिपिकांनी चष्मा कपाळावर चढवून वाचली आणि म्हणाले, "चूक नाही. बिल्ला जमा नाही म्हणजे माणूस आत. आमच्या लेखी ते आतच आहेत, बाई."

मी त्या खिडकीला हात जोडले. मागचे लोक बघत होते, पण मला राहवले नाही. पोलीस, शेजारी, नात्यातले लोक, सगळे माझ्याशी हळू आवाजात, गेलेल्या माणसाबद्दल बोलावे तसे बोलत होते. ते आहेत, आत आहेत, असे म्हणणारे आपले कार्यालय पहिलेच. त्या दिवशी मी घरी जाऊन त्यांचा दुसरा स्वेटर धुऊन वाळत घातला.

मग मी विचार केला. आपल्याच विभागाच्या एका खिडकीत ते तळावर जास्त राहिलेले अभ्यागत आहेत आणि दुसऱ्या खिडकीत मयत असल्याशिवाय मला त्यांना बोलावता येत नाही. दोन्ही खिडक्या एकाच भिंतीत आहेत. ते आत असतील तर आत असलेल्या माणसाला 'बाहेर या' म्हणणे हे नोटीस काढण्याइतकेच रीतसर आहे. आणि ते आत नसतील तर ही नोटीस कोणाला आहे? हा प्रश्न मी दोनदा लेखी विचारला. उत्तराऐवजी संदर्भ ४ चा आदेश आला. नियम ९ चा तीन वेळा भंग झाल्याने उद्यापासून मला उद्यान व मुक्कामतळाच्या हद्दीत प्रवेश बंद. आदेश मला मान्य आहे. भंग झाला हे खरेच आहे. परंतु उद्यापासून दिवे लागायच्या आत मी कुठे उभी राहणार? फाटकाबाहेरून हाक मारली तर ती रस्त्यावरच्या गाड्यांखाली जाईल.

९. म्हणून काल नोटीस पुन्हा एकदा, खालच्या बारीक अक्षरांसकट वाचली. शेवटी असे छापले आहे : 'सदर नोटीस संबंधितास, तो असेल तिथे, समक्ष द्यावी व पोच म्हणून त्याची सही घेऊन कार्यालयास सादर करावी.' आणि बजावणी करणाऱ्याच्या जागी आपल्या कार्यालयाने शाईने लिहिले आहे, 'सोबत आलेली पत्नी.'

हे आधी माझ्या लक्षात आले नव्हते. पायवाट सोडू नये, हा नियम १४ आहे. त्याच नियमात 'कार्यालयीन कामाखेरीज' असे शब्द आहेत. नोटीस बजावणे हे कार्यालयीन काम आहे ना, असे मी लिपिकांना विचारून घेतले. ते म्हणाले, "आहेच की." प्रवेशबंदी उद्यापासून आहे, आज मी आत जाऊ शकते का, असेही विचारले. म्हणाले, "आज कोण अडवणार तुम्हाला?" मग मी विचारले की जो आधीच आत आहे त्याला उद्याची बंदी लागू होते का. ते हसले. "आत असलेल्याला प्रवेश कसा बंद करायचा, बाई? काहीतरीच." त्यांनी हे सहज म्हटले. माझ्या जाण्याबद्दल त्यांना किंवा पहारेकऱ्यांना जबाबदार धरू नये.

१०. तेव्हा आज मी आपल्या आदेशाप्रमाणे नोटीस बजावण्यास जात आहे. पिवळ्या पाटीपासून लव्हाळ्याकडे, बुटांच्या खुणा गेल्या होत्या त्याच वाटेने. विस्तव नेत नाही, वाद्य नेत नाही, फांदी तोडणार नाही. सोबत नोटीस, सही करायला पेन, पाण्याची बाटली व त्यांचा स्वेटर आहे. मी ओरडणारही नाही. मोठ्याने बोलू नये असा आपला नियम आहे आणि हळू बोललेले त्यांना लांबून ऐकू येत नाही, तर मग जवळ जाऊनच सांगायला हवे. हे मला त्या पहिल्याच संध्याकाळी सुचायला हवे होते. मी खिडकीकडे आले.

पोच मिळाल्यावर ती स्वतः आणून सादर करीन.

आता विषयात म्हटलेली विनंती. परवानगी देणे आपल्या हाती नसेल, तर ती मी सोडून देते. त्याऐवजी एवढेच करावे. माझ्या नावापुढेही 'आत' असे लिहून घ्यावे. आणि आज दिवे लागायच्या आत, आपल्या कार्यालयातील कोणीही, पाणथळीच्या काठाशी येऊन मला एक हाक मारावी. नियम ९ फक्त अभ्यागतांना लागू आहे, कर्मचाऱ्यांना नाही. मी तपासले आहे. नुसते "बाई" म्हटले तरी मी ओ देईन. माझे कान चांगले आहेत. पहारेकऱ्यांनी शिट्टी वाजवली तरी चालेल.

खिडकीवर या अर्जावर शिक्का पडला की मी निघते. उन्हे अजून आहेत.

आपल्या नियमांत राहून,
आपली,

(सही)
मागवाल्यांची पत्नी,
तंबू : पाणथळीकडील शेवटचा.
दिनांक : आवक शिक्क्याप्रमाणे.

सोबत :
१) नोटिशीची प्रत. (मूळ नोटीस बजावणीसाठी माझ्याकडे आहे.)
२) प्रवेशबंदीच्या आदेशाची प्रत.
३) नियम ३१ खालील शपथेचा नमुना, कोरा, परत.
४) घराची किल्ली, पाकिटात. नणंद विचारायला आल्यास तिला द्यावी. ती आली आणि कोणी हाक मारायला गेलेले नसेल, तर तिला जाऊ द्यावे. तिचा आवाज मोठा आहे.